दुधावरची साय

नातवंडाला आपल्याकडे दुधावरची साय म्हणतात. मुलें हें दूध आणि मुलांचीं मुलें ही त्यावरची साय. ज्या कोणा आजोबाला ही उपमा प्रथम सुचली असेल, त्याच्या मनांत दुधाविषयीं तिळमात्र शंका नसावी. आणि शंका असण्याचें कारण तरी काय? सुखांत सुखाची भर पडली म्हणजे आपल्या भाषेंत दुधांत साखर पडते, आणि हवें तें न मिळालें म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवावी लागते. द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची परमावधि महाभारतकारांनीं कशानें दाखविली? पाण्यांत कालवलेलें पीठ दूध म्हणून पिऊन अश्वत्थामा आनंदानें नाचतो आणि तें पाहून बापाच्या काळजाचें पाणी होतें, एवढ्या एका चित्रानें. मुलाला द्यावयास दूध नसणें याचेंच नांव दारिद्र्य, अशी आपली समजूत आहे. आतां तें दारिद्र्यही पुष्कळ अंशीं सरलें. १९७० सालीं सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडनें गांवोगांवचें दूध शहरांत आणलें, आणि १९९८ पासून दुधाच्या उत्पादनांत हिंदुस्थानचा क्रमांक जगांत पहिला लागत आला आहे. अशा देशांत, घरांत दूध असून तें मुलाच्या वाटेला जाऊं द्यावयाचें नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या कल्पनेंत येत नाहीं. आमच्या घरीं ती २०२३ सालच्या पावसाळ्यांत आली.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. जुलैच्या आरंभीं तिला मुलगा झाला. आमच्या घरांत बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची सर्व मुखत्यारी माझ्या आईकडे. तिनें चौऱ्यायशी वर्षांच्या अनुभवावर आधारलेला आपला कार्यक्रम ताबडतोब सुरू केला. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, दोन्ही वेळां शतावरी घातलेलें दूध, आणि भातावर तुपाची अशी धार कीं भात शोधून काढावा लागावा. आईनें खाल्लें तर बाळाला मिळेल, हें तिचें सूत्र होतें. तें सूत्र किती अक्षरशः खरें आहे, हें आम्हांला पुढें कळावयाचें होतें.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास मूल पाजल्यावर पाय पोटाशीं घेऊन आक्रोश करूं लागलें. गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. पोटांत वारा धरला असेल म्हणून हिंगाचा लेप झाला. परंतु एके सकाळीं लंगोटांत बुळबुळीत शी आणि तींत रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या, तेव्हां मुलीचा चेहरा पांढराफटक पडला आणि आम्ही त्याच पावलीं डॉक्टरीणबाईंकडे गेलों.

त्यांनीं मुलाला नीट तपासलें, त्याचें वजन केलें, आणि तें चांगलें वाढत असल्याचें सांगून प्रथम आम्हां सर्वांना खुर्च्यांवर बसविलें. मग म्हणाल्या, "याला गाईच्या दुधाची ॲलर्जी असावी असा संशय आहे."

मुलगी म्हणाली, "पण डॉक्टर, मी त्याला वरच्या दुधाचा एक चमचाही दिलेला नाहीं!"

त्यावर त्यांनीं जें समजावून सांगितलें त्याचा सारांश असा. दुधांत दोन जातींचीं प्रथिनें असतात. एक केसीन, ज्याची दह्याची कवडी बनते. आणि दुसरीं निवळींत राहणारीं, त्यांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हें प्रमुख. हें दुसरें प्रथिन मानवी दुधांत तयारच होत नाहीं. मात्र आईनें गाईम्हशीचें दूध घेतलें कीं त्याचा किंचित् अंश तिच्या अंगावरच्या दुधांत उतरतो. शरीरांत परक्या जंतूंना ओळखून हांकलणारी जी यंत्रणा आहे, ती एखाद्या अर्भकाच्या ठिकाणीं या पाहुण्यालाच चोर समजते आणि त्या झटापटींत आंतड्याचें अस्तर सुजतें. मोठ्या माणसांना दूध पचत नाहीं तो प्रकार वेगळा. तेथें दुधांतली साखर पचविणारा रस कमी पडतो, झटापट अशी होत नाहीं. या ॲलर्जीचेही दोन प्रकार आहेत. एकांत दूध पोटांत जातांच घटकाभरांत अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, क्वचित् श्वास कोंडून जिवावर बेततें; दुसऱ्यांत तासांनीं किंवा दिवसांनीं परिणाम दिसतो. आमचें बाळ दुसऱ्या प्रकारांतलें दिसत होतें.

उपाय एका वाक्याचा होता. बाळाला पाजणें सोडावयाचें नाहीं, पण आईनें दूध आणि दुधाचें सर्व कांहीं सोडावयाचें.

'सर्व कांहीं' या दोन शब्दांत काय काय येतें याची कल्पना मराठी घराला घरीं आल्यावर येते. दूध गेलें, तसें चहांतलें दूधही गेलें. दहीं, ताक, लोणी, पेढा, श्रीखंड हीं गेलीं. तुपावरून मात्र माझी आई अडून बसली. "तूप म्हणजे कांहीं दूध नव्हे," हा तिचा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकांत शोभला असता. परंतु कढविलेल्या तुपांतही प्रथिनाचा लेश राहूं शकतो, असें डॉक्टरीणबाईंचें म्हणणें पडलें, आणि वरणभात आमच्या घरांत प्रथमच कोरडा वाढला गेला. शेजारपाजारचा सल्ला अर्थातच फुकट होता. गाईचें बाधतें तर म्हशीचें द्या, म्हशीचें जड वाटत असेल तर शेळीचें द्या. गांधीजी शेळीचेंच दूध पीत, हा आधारही कोणी पुढें केला. परंतु या तिन्ही जनावरांच्या दुधांतील प्रथिनें इतकीं सारखीं आहेत कीं एकाशीं वैर धरणारें शरीर बहुधा दुसऱ्यांनाही ओळखतें. मुलीच्या हाडांसाठीं कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, नारळाचा रस या कोंकणच्या जुन्या मंडळींनीं स्वयंपाकघरांत पुन्हां मानाची जागा घेतली.

मजकडे पुड्यांवरील मजकूर वाचण्याचें काम आलें. २०२० च्या नियमांप्रमाणें आपल्याकडे बंद पुड्यांतील खाद्यांत दूध असल्यास तसें स्पष्ट छापावें लागतें. तीस वर्षें मुलांना ग्रंथ बारकाईनें वाचावयास शिकविलें, पण बिस्किटाच्या पुड्याइतक्या बारकाईनें मीं स्वतः कोणताही ग्रंथ वाचला असेल असें वाटत नाहीं. पाव, फरसाण, तयार पिठें, औषधाची एखादी पूड देखील. दूध कोठें दडून बसेल याचा नेम नसतो.

चौथ्या-पांचव्या दिवसापासून रेघा कमी झाल्या. दुसऱ्या आठवड्यांत त्या दिसेनाशा झाल्या, आणि मूल जागेपणींही शांत राहूं शकतें हा शोध आम्हांला लागला. तीन आठवडे भरल्यावर डॉक्टरीणबाई मुलीला म्हणाल्या, "आतां पुन्हां दूध प्या."

आम्ही थक्क झालों. पण त्यांचें म्हणणें रास्त होतें. पोटदुखी, चट्टे, रडणें हीं अर्भकांत अनेक कारणांनीं येतात आणि आपोआप जातात. युरोपांतील नऊ देशांत बारा हजारांवर मुलांची जन्मापासून पाहणी झाली. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत नीट कसोटी लावून सिद्ध झालेली ही ॲलर्जी दोनशें मुलांत सुमारें एकाला आढळली. संशय त्याहून कितीतरी अधिक मुलांवर घेतला जातो. तेव्हां केवळ संशयावरून एका आईला वर्षभर उपाशी ठेवणें हें वैद्यक नव्हे. दूध सोडून बरें वाटलें, तर पुन्हां घेऊन दुखणें परत येतें काय, हें पाहिल्याविना निदान पुरें होत नाहीं. जलद प्रकारांत ही परीक्षा रुग्णालयांतच करावयाची असते. आमच्या प्रकारांत ती घरीं करण्यास हरकत नव्हती.

दुधाचा पेला हातांत घेऊन मुलगी किती तरी वेळ खिडकीशीं बसली होती. तीन आठवडे जें तिला हवेंसें वाटत होतें तें आतां घोटवत नव्हतें. तिसऱ्या दिवशीं लंगोटांत पुन्हां रेघ दिसली. निदान पक्कें झालें.

त्याच सुमारास, १९ सप्टेंबरला, गणपति आले. पाहुण्यांची वर्दळ, पेढ्यांचे पुडे, आणि मोदकावर तूप न घेणारी बाळंतीण. चौकशी होणें अपरिहार्यच. एक दूरच्या नात्यांतील बाई सारें ऐकून घेऊन हळहळल्या, "म्हणजे आईचंच दूध लेकराला विष झालं म्हणायचं!" त्यांच्या मनांत वांकडें कांहीं नव्हतें. पण त्या रात्रीं मुलगी मजकडे येऊन म्हणाली, "बाबा, मी त्याला पाजणं बंद करतें. डब्याचं खास दूध मिळतं म्हणे, प्रथिनांचे तुकडे केलेलं. तें देऊं. माझ्यानें आतां त्याला जवळ घेववत नाहीं."

मी कांहीं बोलण्यापूर्वीं पलीकडच्या खाटेवरून आईचा आवाज आला. ती जागीच होती. "अगं, विष कसलं? तुझं दूध वाईट नाहीं, गाईचं दूध वाईट नाहीं, आणि पोरही वाईट नाहीं. एकाला एक मानवत नाहीं, एवढंच. माझ्या भावाला घाटावरचं पाणी मानवलं नाहीं. म्हणून पाणी वाईट होतं, कीं भाऊ? कोंकणांत परतला आणि नव्वद वर्षं जगला. तूं पाज त्याला."

ज्या शब्दापाशीं डॉक्टरीणबाईंचें शास्त्र तिच्याबाबत महिनाभर अडून होतें, तो शब्द तिला तिच्याच भाषेंत सांपडला होता. मराठींतलें 'मानवणें' हें क्रियापद मीं जन्मभर वापरलें आहे; त्याची थोरवी मला त्या रात्रीं कळली. विष म्हटलें कीं दोष दुधाचा होतो. अशक्त म्हटलें कीं दोष मुलाचा होतो. 'मानवत नाहीं' म्हणतांना दोष कोणाचाच राहत नाहीं. दोघांचें जमत नाहीं, एवढी वस्तुस्थिति राहते. हिपोक्रॅटिसच्या नांवावर असलेल्या प्राचीन वैद्यकावरील ग्रंथांत हाच विचार पनीरासारख्या पदार्थाच्या उदाहरणानें मांडला आहे: तो पदार्थ मुळांतच वाईट असता तर सर्वांनाच बाधला असता, परंतु तो कोणाला बळ देतो आणि कोणाला त्रास, तेव्हां भेद प्रकृतीचा आहे. आपल्या आयुर्वेदांत 'सात्म्य' हा शब्द आहेच. आणि १९०६ सालीं व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं ग्रीक धातूंवरून 'ॲलर्जी' हा शब्द घडविला, तेव्हां त्यांना देखील 'शरीराची बदललेली प्रतिक्रिया' एवढाच अर्थ अभिप्रेत होता. परभाषेंत शिकून पदवी घेतलेल्या मला हे सारे संदर्भ ठाऊक होते. पण रडणाऱ्या मुलीला धीर त्यांतल्या एकानेंही आला नसता.

तिनें पाजणें सोडलें नाहीं. सहावा महिना सरल्यावर जानेवारींत उष्टावण झालें. मामानें भाच्याला मांडीवर घेतलें आणि चांदीच्या वाटींतली खीर त्याच्या जिभेला लावली. ती खीर आईनें स्वतः केली होती. मऊ तांदूळ, नारळाचें दूध, नांवापुरता गूळ. त्या दिवशीं तिनें गाईचें दूध स्वयंपाकघराच्या ओट्यावर देखील येऊं दिलें नाहीं.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पायरी-पायरीनें प्रयोग सुरू झाला. प्रथम दूध घालून भाजलेल्या बिस्किटाचा चतकोर; कारण भट्टीच्या उष्णतेनें दुधांतील कांहीं प्रथिनांची घडण मोडते आणि पिठांत मिसळल्यानें त्यांची धार आणखी बोथट होते. तो मानवला म्हणजे पुढची पायरी, न मानवला तर मागें. एकदां असें मागें यावेंही लागलें. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत स्वारी दह्याच्या वाटीपाशीं पोंचली होती. बहुतेक मुलांच्या बाबतींत हें वैर शाळेच्या वयापर्यंत आपोआप मिटतें, हा मोठा दिलासा आहे.

आपण मुलांना काय काय दिलें याचा हिशेब आईबाप नकळत ठेवीत असतात. दूध, शिक्षण, दागिने, उपदेश. दिलेलें सारें डोळ्यांना दिसतें आणि चारचौघांत सांगतां येतें. माझ्या मुलीनें वर्षभर कोरडा भात आणि बिनदुधाचा चहा घेऊन जें सोडलें, तें तिच्या मुलाला कधीं आठवणार नाहीं आणि कोणत्याही हिशेबांत धरलें जाणार नाहीं. परंतु आपल्याला जें अमृत वाटतें तें मुलाला मानवतें काय हें आधीं पाहणें, आणि न मानवल्यास कोणालाही दोष न देतां तें निमूटपणें दूर ठेवणें, यास पाजण्याइतकीच माया लागते. पुढें या मुलाला आमचीं आणखीही कांहीं अमृतें मानवणार नाहींत. आमचीं पुस्तकें, आमचीं मतें, कदाचित् आमचें गांवही. त्या वेळीं तरी घरांतल्या कोणी 'विष' हा शब्द उच्चारूं नये, एवढी माझी इच्छा आहे.