अवघड जागेचे दुखणे

भगंदराच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतलो, तेव्हा महाविद्यालयात आम्ही ‘पाठदुखी’ एवढेच कळवले होते. आमची जखम शिवलेली नव्हती. ती तळापासून भरत वर यायची होती. तोंड आधी मिटले तर आत पुन्हा पू साठतो. म्हणून दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसणे आणि रात्री इसबगोल. सुश्रुताने आठ महाव्याधींत गणलेला हा रोग. १६८६ साली चौदाव्या लुईवर झालेली याचीच शस्त्रक्रिया फ्रान्सभर गाजली. आम्ही मात्र, मराठी शिकवणारे, तो शब्द गिळून कुशीवर पडून होतो.

दहाव्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फोनवर पाठीची चौकशी केली. आम्ही रोगाचे नाव सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “किती दिवसांत बसता येते? मलाही दोन वर्षे...”