उंची मोटारीचें उतारवय

ज्या वस्तीच्या खालूनहि आगगाडी जाते आणि वरूनहि जाते, तेथें राहणाऱ्या शाळामास्तरानें मोटार बाळगावी, आणि तीहि परदेशी नांवाची उंची मोटार बाळगावी, हें ऐकून आमच्या कित्येक स्नेह्यांस हंसूं येतें. त्यांचें हंसणें अगदींच निराधार आहे असें नाहीं. कोपर स्टेशनांत खालच्या रुळांवर मुंबईच्या लोकल येतात, वरच्या रुळांवर दिवा-वसईच्या. मनुष्य धडधाकट असला म्हणजे त्याला मोटारीची गरज ती कसली? परंतु ज्याच्या घरीं ऐंशी वर्षांची, कमरेचें हाड एकवार मोडून जोडलेली आई आहे, आणि रक्ताच्या विकारासाठीं जिला दर तीन आठवड्यांनीं परळच्या इस्पितळांत न्यावें लागतें, त्याच्यापुरती आगगाडी जिन्याच्या पहिल्या पायरीशींच संपते. भाड्याच्या मोटारी आम्ही दोन वर्षें करून पाहिल्या. पावसाळ्यांत पहांटे साडेचार वाजतां ठरलेला चालक येईलच अशी शाश्वती नसे. आणि आला तरी त्याच्या लहानशा गाडींत शीळ रस्त्याचा प्रत्येक खड्डा मातोश्रींच्या मुखावर वाचतां येत असे.

तेव्हां २०१८ सालीं आम्हीं ही गाडी घेतली. त्या वेळीं तिचें वय अकरा वर्षांचें होतें. तिच्या पहिल्या धन्यानें तिच्याकरितां चाळीस लक्षांच्या आसपास मोजले होते. आम्हांस ती दोन लक्ष साठ हजारांस पडली. गाडीचें नांव आम्ही मुद्दामच सांगत नाहीं, कारण जें पुढें लिहावयाचें आहे तें एका कारखान्याचें गाऱ्हाणें नसून त्या सबंध जातीचा स्वभाव आहे.

तो स्वभाव असा. मोटारीची किंमत वर्षागणिक उतरत जाते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाहीं. चाळीस लक्षांची गाडी अडीच लक्षांस मिळाली म्हणून तिचा रेडिएटर कांहीं सोळाव्या हिश्श्यानें मिळत नाहीं. तो अजूनहि चाळीस लक्षांच्याच गाडीचा रेडिएटर असतो. आमच्याकडे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तें या व्यवहाराला जितकें लागू पडतें तितकें कोंबडीलाहि पडत नसेल. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें तेथें सांगितलें आहे. जुनी उंची मोटार घेणाऱ्यानें बुरूज विकत घेण्याचाच नव्हे, तर तो दरसाल लिंपण्याचाहि हिशेब करावा लागतो. आम्हीं घेतेवेळींच गाडीच्या किंमतीइतकी दुसरी रक्कम पोस्टांत निराळी ठेविली होती व तिला हात लावावयाचा तो केवळ गाडीसाठींच, असा घरांत ठराव केला होता.

आतां गाडी म्हातारी होते म्हणजे नेमकें काय होतें? पोलाद फारसें म्हातारें होत नाहीं. आमची गाडी पाहणारे मिस्त्री कल्याण-शीळ रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्यें काम करतात. त्यांनीं पहिल्याच दिवशीं आम्हांस सांगितलें, "मास्तर, इंजिनाची काळजी करूं नका. तें तुमच्या-माझ्यापेक्षां जास्त जगेल. मरतं तें रबर." सात वर्षांच्या अनुभवानें हें वाक्य आम्हांस पटलें आहे, फक्त रबराच्या जोडीला प्लास्टिक, तेल आणि तारेवरचें वेष्टण एवढीं नांवें घालावयाचीं. या सर्वांचें वय मैलांनीं मोजलें जात नाहीं, पंचांगानें मोजलें जातें. गाडी वर्षभर झांकून ठेविली तरी तीं आपलें वय वाढवीतच असतात.

ब्रेकच्या तेलाचेंच पाहा. हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा धर्म आहे, आणि आमच्या खाडीकांठच्या हवेंत त्याला ओलाव्याचा तोटा नाहीं. ओलावा मिसळला कीं तें लौकर उकळूं लागतें. मग लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे पायाखालीं तेलाऐवजीं वाफ दाबली जाते, आणि वाफ दाबून गाडी थांबत नसते. म्हणून गाडी धांवो वा उभी राहो, दोन वर्षांनीं तें बदलावयाचें. टायरांचेंहि तसेंच. टायराच्या कडेवर चार आंकडे उठविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत जन्मला. त्याची नक्षी कितीहि खोल दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर त्याच्यावर आईला बसवून हमरस्त्यावर जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पण आमच्या गाडीचा खरा लाडका अवयव निराळाच आहे. तिला पोलादी स्प्रिंगांच्या जागीं हवेनें फुगविलेल्या रबरी पिशव्या आहेत. या पिशव्यांमुळेंच मातोश्रींना शीळफाट्यापर्यंत झोंप लागते, आणि या पिशव्यांमुळेंच आम्हांस ती कधीं कधीं लागत नाहीं. २०२० च्या पावसाळ्यांत एके सकाळीं पाहतों तों गाडी पुढच्या डाव्या अंगास उंटासारखी गुडघा टेकून बसलेली! पिशवीला केंसाएवढी चीर गेली होती. गाडी चालू केल्यावर ती पुन्हां उठली, तेव्हां शेजारचे एक गृहस्थ म्हणाले कीं चालते आहे तर चालूं द्या. मिस्त्रींचें मत याच्या अगदीं उलट पडलें. चिरेंतून जाणारी हवा भरून काढण्यासाठीं आंतील पंप सारखा चालत राहतो व दोन-तीन महिन्यांत जळतो. मग पिशवीबरोबर पंपहि घ्यावा लागतो. लहान दुखणें अंगावर काढल्यानें मोठें दुखणें जडतें, हा न्याय साध्या गाडीलाहि लागू आहे. उंची गाडींत मात्र या दोन दुखण्यांमध्यें चाळीस-पन्नास हजारांचें अंतर असतें.

हे मिस्त्री उमेदीच्या वयांत प्रीमिअर कंपनीच्या कल्याणजवळच्या कारखान्यांत कामास होते, आणि त्यांच्या बोलण्यांतून आम्हांस या प्रांताचा मोटारींचा इतिहास पुष्कळ उमगला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकन डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या जात, पुढें इटलीची फियाट आली, आणि तीच अखेरीस पद्मिनी झाली. पद्मिनी कांहीं उंची गाडी नव्हे. पण तिचा कोणताहि भाग कोणत्याहि नाक्यावर मिळे, आणि कोणताहि मिस्त्री तो डोळे मिटून बसवी. त्यामुळें मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं ती अर्धशतकाहून अधिक काळ पोसली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं ती मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली, तीहि मोडली म्हणून नव्हे. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे म्हणून.

याच्या उलट गोष्ट आमच्या अगदीं उंबऱ्याशीं घडली. १९९० नंतरच्या दशकांत प्रीमिअरनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागी केली, आणि येथें कल्याणजवळ प्यूजो ३०९ ही गाडी निघूं लागली. त्या काळच्या मानानें ती सुखवस्तूंची गाडी होती, आणि तिच्यांत बसलेले लोक तिच्या मऊ चालीची वाखाणणी अजूनहि करतात. पण १९९७ सालीं फ्रेंच भागीदारानें अंग काढून घेतलें. ज्यांनीं नुकतीच गाडी घेतली होती त्यांच्या दारांत ती एका रात्रींत पोरकी झाली. इंजिन उत्तम, बैठक उत्तम, आणि दिव्याची कांच फुटली तर कोठें मिळेल हें कोणास ठाऊक नाहीं! मिस्त्री ही हकीकत सांगतात तेव्हां त्यांचा आवाज अजून बदलतो, कारण त्या गाड्यांच्या कांहीं मालकांस त्यांनीं स्वतः रित्या हातांनीं परत पाठविलें होतें.

तिसरी तऱ्हा पुण्याची. मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९९५ सालीं पुण्यास गाड्या जुळविण्यास आरंभ केला व २००९ सालीं चाकणास स्वतःचा कारखाना उघडला. कर्ता पुरुष घरांतच राहिल्यामुळें त्या कुळांतील जुन्या गाड्या पोरक्या झाल्या नाहींत; भाग मिळतो, फक्त त्याची किंमत ऐकण्यापूर्वीं खुर्चीवर बसलेलें बरें. मोठ्या कुळास दोष नसतो असेंहि कोणीं समजूं नये. याच कंपनीनें २००५ सालीं ब्रेक व विजेच्या यंत्रणेंतील उणिवांसाठीं जगभरांतून सुमारें तेरा लक्ष मोटारी तपासणीस परत बोलाविल्या होत्या. गाडींत जितकी अधिक करामत, तितकीं पुढें बिघडावयास अधिक ठिकाणें. म्हणून जुनी उंची गाडी घेतांना तिच्या घोडशक्तीपेक्षां तिचा कर्ता देशांत नांदतो आहे काय, आणि आपल्या घरापासून पांच-सात मैलांत तिचीं नाडी जाणणारा मिस्त्री आहे काय, हे दोन प्रश्न आम्ही आधीं विचारूं.

विकणाऱ्याच्या आणाभाकांवर तर मुळींच जाऊं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण, बदलापूरकडेहि पाण्यानें कहर केला. त्यानंतर पाण्यांत बुडालेल्या कित्येक गाड्या धुऊन पुसून बाजारांत आल्या, आणि मोठ्या पुरानंतर दर वेळीं असेंच होतें. अशा गाडीच्या तारा आंतून कुजत राहतात व दोन वर्षांनीं एकेक दिवा मावळूं लागतो. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा; पुराचें पाणी शिरलें असल्यास चिखलाची रेघ बहुधा तेथें सांपडते.

रस्त्यांत अडकण्याचा प्रसंग आम्हांवर एकदांच आला. २०१९ चा मे महिना होता. इस्पितळांतून परततांना शीळफाट्यावर वाहनांची दाटी झाली आणि उष्णतेचा कांटा चढूं लागला. रेडिएटरच्या पाण्याच्या टांकीचा प्लास्टिकचा गळा वयोमानानें तडकला होता. आम्हीं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलें व मिस्त्रींस बोलाविलें. दीड तास मातोश्री एका फळविक्याच्या छत्रीखालीं बसल्या होत्या. त्यांनीं तक्रार केली नाहीं; परंतु त्या दिवशीं त्यांना रक्त चढविलें होतें, आणि त्यांचे हात कसे थरथरत होते तें आम्ही पाहत होतों. इंजिन तापूं दिलें असतें तर त्याचें डोकें वांकडें होऊन गाडीच मोडींत निघाली असती, हा विचार आमच्या मनांत त्या वेळीं आलाहि नाहीं.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक वही आहे. तींत प्रत्येक रबरी नळीची, पट्ट्याची, तेलाची जन्मतारीख लिहिलेली असते, आणि बिघडण्याची वाट न पाहतां तारीख आली कीं ती वस्तु बदलली जाते. पुढें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कोपरचा उड्डाणपूल धोक्याचा ठरून बंद झाला व २०२१ च्या सप्टेंबरांत नवा होऊन उघडला. तीं दोन वर्षें पश्चिमेकडून पूर्वेस जावयाचें म्हणजे ठाकुर्लीच्या पुलावरून मुंगीच्या चालीनें सरकावें लागे, आणि रेडिएटरची परीक्षा पाहावयास याहून कडक जागा नाहीं. गाडी त्यांत उतरली. (पुलांचीहि अशी एक वही कोणीं ठेवीत असेल तर बरें, असें ठाकुर्लीस उभ्या उभ्या पुष्कळदां मनांत येई.)

२०२२ सालीं गाडीला पंधरा वर्षें झालीं. त्याच सालच्या १ एप्रिलपासून खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें होतें. तें, वर हरित कर, हें सर्व भरून कल्याणच्या कचेरींतून पुढील पांच वर्षांचा परवाना मिळाला. आतां पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत पोहोंचलें आहे, आणि आमच्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या त्या मिश्रणाकरितां घडविलेल्या नाहींत. म्हणून वहींत त्यांची मुदत आम्हीं निम्म्यावर आणिली आहे.

गेल्या नाताळांत आमचे वडील बंधु नाशिकाहून आले होते. त्यांनीं वही चाळली, बेरीज केली, आणि सात वर्षांचा दुरुस्तीखर्च सहा लक्ष दहा हजार निघाला. "इतक्यांत नवी लहान गाडी आली असती," ते म्हणाले. बेरीज बरोबर होती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर परळच्या खेपांची नोंद आहे; ती आम्हीं त्यांच्यापुढें ठेविली. खेपा एकशे अकरा, उशीर तीन वेळां, अडकणें एक वेळां. बंधु बराच वेळ तें पान पाहत राहिले व मग म्हणाले कीं, २०२७ सालीं परवाना संपेल तेव्हां पुन्हां बोलूं. एका दलालानें नव्वद हजारांस गाडी मागितली आहे, हेंहि त्यांच्या कानावर घातलें. मातोश्री आंतून म्हणाल्या, "विका खुशाल, पण आधी माझा मंगळवार होऊ द्या."

गाडीच्या बॅटरीचें चौथें वर्ष संपत आलें आहे. ती अजून पहिल्याच किल्लीस गाडी चालू करते. मिस्त्रींना येत्या शनिवारीं ती बदलावयास सांगितलें आहे.