टाळू भरताना

मिरज, 12 फेब्रुवारी 2026

चि. सौ. सोनूस,


काल रात्री तुझा मेसेज वाचला. विचारलंस एवढंच, की बाळाला बोंडल्यानं दूध पाजलं तर चालेल का. पण त्याखालच्या ओळीनं माझी झोप उडाली: ‘बारसं ऑपरेशननंतर करू, फोटो चांगले येतील.’ अगं, महिन्याचं लेकरू ते! त्याच्या नावाला ऑपरेशनची तारीख कसली लावता? तू असं लिहावंस याचं फार वाईट वाटलं. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

बोंडल्याचं आधी. चालेल. तुमच्याकडे त्याला ओळले म्हणतात, हूटगळ्ळीत शेजारणींना विचार. स्टीलचं घे आणि दर वेळी उकळ. पण आजी पाजायची तसं पायांवर उताणं निजवून ओतायचं नाही. टाळूला फट असली की तोंडात ओढच धरत नाही. बाळ अंगावर ओढतं, दमतं आणि उपाशीच झोपतं. तुझं दूध कमी नाहीये गं. काढून पाज. बाळाला बसतं धर, मान तुझ्या कोपरावर. चोच खालच्या ओठावर टेकव, गालाच्या बाजूनं थोडं सोड, गिळलं की पुढचं. ही बाळं वारा फार गिळतात, मधेमधे ढेकर काढ. नाकातून दूध आलं तर घाबरू नकोस; थांब, पूस, परत सुरू कर. ठसकून निळं पडलं तर मात्र थेट डॉक्टर. आणि अर्ध्या तासाच्या वर लांबवू नकोस, पिण्यातच त्याची शक्ती जाते.

आणि ग्रहणामुळे ओठ असा झाला, हे काय काढलंस? 7 सप्टेंबरच्या ग्रहणात तुला पाचवा महिना होता. ओठ जुळतो तो सहाव्या-सातव्या आठवड्यात, टाळू तिसरा महिना भरेपर्यंत. त्या रात्री तू भाजी चिरली असतीस नाहीतर हात जोडून बसली असतीस, बाळाचा ओठ होता तसाच होता. साधारण सातशेत एक बाळ असं जन्मतं. सासूबाईंना हे शांतपणे सांग, आणि त्याआधी स्वतःला सांग.

ओठाची मला काळजी नाही. तीन महिन्यांच्या आसपास, वजन साडेचार किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन दहा झालं की ओठ शिवतात, आणि छान शिवतात. काळजी आहे ती त्यानंतरची. ओठ सगळ्यांना दिसतो, टाळू कुणाला दिसत नाही. आमच्याकडे तेच झालं. माझ्या लेकाचा, तुझ्या दादाचा, ओठ शिवून आणला, घरभर पेढे वाटले, ‘आता कळतसुद्धा नाही’ म्हणून सगळे निवांत झाले. टाळूचं ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हायला हवं होतं. आज करू, उद्या करू करत तो साडेचार वर्षांचा झाला. तो ह्यांना ‘मामा’ म्हणायचा. आम्हाला कौतुक! ब म्हणायला तोंडात वारा कोंडावा लागतो, तो त्याच्या नाकातून निसटायचा आणि बाबाचा मामा व्हायचा, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बालवाडीत तो ‘काकडी’ म्हणाला की नुसतं ‘आअडी’ ऐकू यायचं. बाई म्हणायच्या, परत सांग. तो परत सांगायचा. मग एक दिवस सांगेनासा झाला. पुढचं तुला माहीत आहे.

आणि तू तर कुठे राहतेस! तुझ्या गावात, मानसगंगोत्रीत, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे, 1965 पासून. वाचा आणि श्रवणासाठी देशभरातून लोक तिथे येतात. तुला हिनकल ओलांडलं की पोचता येतं. बोलायला लागल्यावर जाऊ, असं करू नकोस. आत्ता जा. कान तपासून घे. टाळू अशी असली की कानाची नळी नीट उघडत नाही, पडद्यामागे पाणी साठतं. कमी ऐकणारं मूल बोलणार कसं? जावईबापूंना खर्चाची धास्ती असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करायला सांग. 2013 पासून चालू आहे, त्यात दुभंगलेला ओठ आणि टाळू दोन्ही आहेत.

आपल्याकडे डोक्यावरच्या त्या मऊ जागेलाही टाळूच म्हणतात. रोज तेलानं ती भरतेस ना? तेव्हाच बोल त्याच्याशी, तोंडासमोर तोंड आणून. प, ब, त, क सगळं ऐकू दे. तुझ्या ओठांकडे ते कसं टक लावून बघतं ते बघ. पण त्याला हाक मारायला नाव नको का?

येत्या रविवारी बारसं कर. ताईला मी निघायला सांगते, कुंची माझ्याकडे आहे ती तिच्याबरोबर पाठवते. फोटो समोरून काढ, रुमाल न धरता. मला तोच हवाय. दादाचा ओठ शिवण्याआधीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

आणि सोमवारी वजन कळव. ‘बरं आहे’ असं नको, ग्रॅममध्ये कळव.

तुझी
मावशी