स्वतंत्र धंदा आणि आपली पात्रता

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, अशी म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडीं होती. पुढें काळ पालटला आणि घरोघर हा क्रम उलटा झाला. मुलगा शिकला कीं त्यास नोकरी लागावी, महिन्याच्या महिन्यास ठरलेला पगार घरांत यावा, यापलीकडे आईबापांची इच्छा धांवेनाशी झाली. अलीकडे वारें पुन्हां फिरलें आहे. शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांस पुढें काय करणार म्हणून विचारावें, तर वर्गांतील दोघेतिघे तरी "स्वतःचा धंदा काढणार" असें मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात. हें ऐकून आम्हांस आनंद होतो. परंतु त्याच वेळीं मनांत एक प्रश्न उभा राहतो. धंद्यास लागणारे गुण आपल्या अंगीं आहेत कीं नाहींत, हें या मुलांनीं कधीं तपासून पाहिलें असेल काय? आणि तें तपासावें तरी कसें?

हा प्रश्न केवळ वादविवादापुरता नाहीं. नोकरी न साधली तर दुसरी शोधतां येते; धंदा न साधला तर पुष्कळदां आईच्या अंगावरचे दागिने आणि राहतें घर त्यांत जातें. शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे, तो आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ऐकलेला असेल. शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अंदाज घेतो. काम तडीस नेण्याइतकें आपल्याजवळ आहे कीं नाहीं, हें पाहतो. तसें न केल्यास पाया तेवढा घातला जातो आणि येणारेजाणारे हंसतात. आमच्या मतें हा हिशेब जसा पैशाचा तसाच गुणांचाही आहे.

येथें अडचण अशी कीं, या परीक्षेंत परीक्षक आपणच आणि उमेदवारही आपणच. "मी धाडसी आहें काय? मी मेहनती आहें काय?" असें मनास विचारलें तर मन नेहमीं होकारच देतें. म्हणून मनास विचारूं नये. आपल्या वागणुकीस विचारावें. ती खोटें बोलत नाहीं.

पहिली कसोटी हिशेबाची. शाळेच्या आनंदमेळ्यांत एका वर्गानें भज्यांचें दुकान मांडलें होतें. सायंकाळीं गल्ल्यांतील पैसे मोजून मुलें "एवढा नफा झाला" म्हणून नाचूं लागलीं. त्यांच्यांतीलच एका मुलीनें मात्र शांतपणें विचारलें, "बेसन आणि तेल घरून आणलें, त्याचे पैसे कोणी धरले? आणि आपल्या आया सकाळपासून कांदे चिरीत होत्या, त्यांची मजुरी?" हिशेब पुन्हां मांडला गेला, तेव्हां नफा बहुतेक विरघळून गेला. मुलें थोडीं हिरमुसलीं. पण आमच्या दृष्टीनें त्या दुकानांतील खरी व्यापारी तीच मुलगी होती. दुसऱ्याच्या घामाचे आणि घरच्या डब्यांतील जिनसांचे पैसे जो धरीत नाहीं, त्यास आपण बुडत आहों हें बुडेपर्यंत कळत नाहीं.

दुसरी कसोटी कंटाळवाण्या कामाची. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी हे 1839 सालीं गरीब घरांत जन्मले. लहान वयांतच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास लागले. काम कोणतें? तर छपाईचे खिळे घासून साफ करण्याचें. देवनागरी लिपींत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें यांमुळें खिळ्यांची संख्या रोमन लिपीपेक्षां कितीतरी अधिक. एकेक खिळा हातांत घ्यावा, घासावा, खालीं ठेवावा. यांत कीर्ति नाहीं, कौतुक नाहीं. पण याच कामांत त्यांस अक्षराची पारख आली. पुढें निरनिराळ्या छापखान्यांत काम करून 1864 सालीं, वयाच्या पंचविशींत, त्यांनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि 1869 सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्याचें पंचांग घरोघर गेलें, आणि 1886 पासून निघूं लागलेल्या त्याच्या 'काव्यमाले'नें दुर्मिळ संस्कृत काव्यें विद्वानांच्या हातीं दिलीं. ज्यास आपली वही नीट आखण्याचाही कंटाळा येतो, त्यानें या खिळ्यांची आठवण ठेवावी.

तिसरी कसोटी अशी: आपणांस काय येत नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकार होण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद नीट ओळखूं येत नसे. दुसरा एखादा दैवाला दोष देत बसला असता. त्यांनीं रंग सोडले, पण रेषा सोडली नाहीं. ते यांत्रिक चित्रकला शिकले, ती त्यांनीं शिकविली, आणि तीच पुढें त्यांच्या कारखान्याच्या उपयोगी पडली. जावजींचेंही तसेंच. अक्षरांचे सुबक सांचे कोरण्याची विद्या रणोजी रावजी आरू यांच्या हातांत होती. जावजींनीं ती ओळखली आणि त्यांस जोडीस घेतलें. आपली उणीव कबूल करून दुसऱ्याचा गुण जवळ करणें, ही मोठी पात्रता आहे. खेळांत प्रत्येक वेळीं आपणच कप्तान व्हावें असा ज्याचा हट्ट असतो, त्यास ती सहसा साधत नाहीं.

चौथी कसोटी नकाराची. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हां तो कोणी घेईना. लोखंडानें जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर रागावले नाहींत आणि नांगरही टाकला नाहीं. त्यांनीं धीर धरला. 1910 सालीं औंध संस्थानांतील एका उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या धीरावर. अर्देशिर गोदरेज हे आधीं वकील. तो व्यवसाय सोडून ते शस्त्रक्रियेचीं उपकरणें बनवूं लागले. मालावर हिंदुस्थानचें नांव असूं नये, असें गिऱ्हाइकाचें म्हणणें पडलें. अर्देशिरांनीं तें मानलें नाहीं आणि तो धंदा तेथेंच संपला. मग 1897 सालीं त्यांनीं कुलपें बनविण्यास आरंभ केला. कोठें थांबावें आणि कोठें टिकून राहावें, याचा विवेक या दोन्ही गोष्टींत दिसतो. परीक्षेंत एका विषयांत कमी गुण मिळाले असतां आपण काय करतों? उत्तरपत्रिका फाडतों, तपासणारास नांवें ठेवतों, कीं ती पुन्हां वाचून कोठें गुण गेले तें पाहतों? धंद्यांतही आपण तेंच करूं.

आतां दोन शब्द पालकांस. "आपल्या घराण्यांत कोणी धंदा केला नाहीं, तो आपल्या रक्तांतच नाहीं," हें वाक्य आम्हीं अनेक घरीं ऐकलें आहे. जावजी गरीब घरांतील, लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक, अर्देशिर वकील. यांच्यापैकीं कोणास कारखाना वारशानें मिळाला नव्हता. म्हणून रक्ताची सबब सांगून मुलांचा उत्साह मारूं नये. त्याचप्रमाणें शेजाऱ्याच्या मुलाचें दुकान चाललें म्हणून आपल्या मुलास त्यांत ढकलूंही नये. त्यापेक्षां एक लहानसा प्रयोग करावा. घरच्या भाजीपाल्याचे आणि किराण्याचे महिन्याचे पैसे मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं द्यावे आणि वही ठेवावयास सांगावें. वहींत रोजच्या रोज लिहिलें जातें काय, चुकलेली रक्कम लपविली जाते कीं दाखविली जाते, महिना संपण्यापूर्वीं पैसे संपले तर मूल काय करतें, हें पाहावें. मोठें भांडवल हातीं देण्यापूर्वीं ही परीक्षा फार स्वस्त पडते.

या तपासणीचें उत्तर होकारार्थीच आलें पाहिजे असें नाहीं. कोणाचें उत्तर "होय" येईल, कोणाचें "अद्याप नाहीं" येईल. सांगितलेले बहुतेक गुण सवयीनें येणारे आहेत. म्हणून "अद्याप नाहीं" यांत निराश होण्यासारखें कांहीं नाहीं. आणि कोणाचें उत्तर स्वच्छ "नाहीं" असें आलें, तरी त्यांत लाज कसली? प्रत्येक कारखान्यास जसा धनी लागतो तसे कुशल कारागीर, चोख हिशेबनीस आणि विश्वासू माणसेंही लागतात. निर्णयसागराचें नांव दूरवर गेलें तें सुबक अक्षरांमुळें, आणि त्या अक्षरांचे सांचे रणोजींनीं कोरलेले होते. जो आपला खरा हिशेब आपणांसच मांडून दाखवितो, त्याचें उत्तर कांहींही येवो, त्याच्यावर पाया घालून काम अर्धवट सोडण्याची पाळी सहसा येत नाहीं.