ठेका

जुना ट्रॅक्टर दारात येतो तेव्हा त्याचं मागचं आयुष्यही बरोबर येतं. कुणाच्या शेतात किती नांगरट केली, उसाच्या किती ट्रॉल्या कारखान्यावर ओढल्या, ऑइल वेळच्या वेळी बदललं की नाही, यातलं काही आरसी बुकात लिहिलेलं नसतं. तासांचं मीटर बंद पडलेलं असतं. पण क्लचच्या पेडलची झीज खरं सांगते, स्टिअरिंगचा ढिलेपणा सांगतो, आणि सगळ्यात जास्त सांगतो तो धूर.

पहाटे इंजिन थंड असताना सेल्फ मारावा आणि सायलेन्सरकडे बघत उभं राहावं. ओझ्याखाली काळा धूर आला तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. अशा वेळी पंपाला हात घालण्याआधी एअर क्लीनर उघडावा. जुन्या ट्रॅक्टरवर तो ऑइल बाथचा असतो. मळणीच्या दिवसांत त्याच्या खालच्या वाटीत तेल कमी आणि चिखल जास्त सापडतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले असावेत. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येऊन थांबला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर नोझल बघावं, टायमिंग बघावं, आणि ऑइलची पट्टी काढून बघावी. पट्टीवर दुधाळ ऑइल दिसलं तर पाणी आत शिरलंय. तिथे मात्र ट्रॅक्टर त्याच क्षणी बंद करावा.

आमच्याकडच्या ट्रॅक्टरला यातलं ठळक असं काहीच नव्हतं. तो फक्त अडखळायचा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत डिझेल पेटण्याचा क्रम ठरलेला असतो : एक-तीन-चार-दोन. चारही सिलिंडर नीट चालले की त्या आवाजाला एक घट्ट लय येते. आमच्या इंजिनात तबल्याच्या ठेक्यातली एक मात्रा गळावी तसं होत होतं. नांगर लावला की ताकद कमी पडायची, आणि स्लोवर ठेवलं की बॉनेट थरथरायचं. बघायला आलेल्यांपैकी एकदोघांनी ‘इंजिन बांधून घ्या’ असा सल्ला दिला.

मग आमचे मिस्त्रीमामा आले. त्यांनी काहीच खोललं नाही. बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग पाना घेऊन पहिल्या नोझलच्या नळीचा नट जरासा ढिला केला. सांध्यातून डिझेल झिरपलं, इंजिन लगेच खचलं, आवाज बदलला. नट आवळला, इंजिन सावरलं. दुसऱ्याचा ढिला केला, पुन्हा तेच. तिसऱ्याचा नट ढिला केला आणि इंजिनाला पत्ताच नाही. होता तोच आवाज, होती तीच थरथर. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, “हा आधीपासनंच झोपलाय, दादा. म्हणून त्याला काढल्याचं कळलं नाही.”

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अजून मोलाचं वाटतं. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल काढून दुसऱ्याला बसवलं आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला. खाली नवे तांब्याचे वॉशर घातले. आता दुसरा सिलिंडर झोपला आणि तिसरा जागा झाला. दोष नोझलबरोबर सरकला होता. म्हणजे तो नोझलचाच. जागचा हलला नसता, तर कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हकडे वळावं लागलं असतं. तालुक्याच्या गावी टेस्टरवर ते नोझल लावून बघितलं. बारीक, सारखा फवारा उडायला हवा होता. एका बाजूने नुसते थेंब गळत होते. नोझल बदललं आणि ठेका जुळला. इंजिनाचं डोकं उघडावं लागलंच नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा नेमक्या क्षणी पडतो आणि पेट घेतो. म्हणून त्याच्या बहुतेक तक्रारी हवा, डिझेल, दाब आणि वेळ या चौघांतच फिरतात. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा धरते आणि धडधाकट इंजिन गप्प होतं. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि नोझल उघडतच नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. सोपं आहे, पण कारण कळल्याशिवाय माणूस बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसतो.

या जुन्या यंत्रांचं मला मोठं अप्रूप आहे, कारण ती आपलं दुखणं लपवत नाहीत. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज १९७४ साली बाजारात आला. त्या पिढीचे ट्रॅक्टर गावच्या फिटरला कळतील, साध्या पान्यांनी खुलतील असेच होते. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांचं डिझेल आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोजून देते आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. स्वच्छ हवेसाठी ते योग्यच आहे. पण स्कॅनर हाती असला तरी एका वेळी एकच संशय धरायचा, तो तपासायचा आणि मगच पुढे सरकायचं, ही शिस्त सुटता कामा नये. आधी स्वस्तातला संशय, मग महागातला. फिल्टर आधी, पंप मग, इंजिन सगळ्यात शेवटी.

गावोगावी असे कानाचे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं मात्र कमी होत चालली आहेत. तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल आणि मिस्त्री येणार असतील, तर घरातल्या पोराला शेजारी उभं करा. मुलगी असेल तर तिलाही. पाना त्यांच्या हातात द्या, नट ढिला करायला लावा. आणि न खोलता दोष सांगणाऱ्या मिस्त्रीला मजुरी देताना घासाघीस करू नका. त्याने वाचवलेला खर्च त्या मजुरीच्या कितीतरी पट असतो.