फळीवरचं भांडं, चुलीवरचं भांडं

मराठी घरात स्टील शिरलं ते फळीवरून. आधी वाट्या, पेले, ताटं, डबे, मग पातेली, कढईचा नंबर शेवटी. बोहारीण जुन्या साड्यांच्या बदल्यात द्यायची ती स्टीलची वाटी नाही तर डबा. रुखवतात झळकायचं तेही स्टील, आणि त्यावर नाव-तारीख कोरून घ्यायची ती पुढची चाळीस वर्षं टिकावी म्हणून. ती टिकतेही. पण भांडं टिकणं वेगळं आणि त्यात भाजी नीट परतली जाणं वेगळं. स्टीलने आपलं स्वयंपाकघर जिंकलं ते ठेवण्याच्या आणि धुण्याच्या गुणांवर, आणि कढई घेताना आपण तोच निकाल न विचारता शेगडीलाही लावून टाकतो, असं माझं म्हणणं आहे.

जिंकायला स्टील लायकच होतं, यात वाद नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई लागायची आणि कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे रिकामं पातेलं चुलीवर विसरलं की कल्हई गेलीच. थर उडालेल्या जागी आमटी किंवा ताक राहिलं की कळकायचं. मग कल्हईवाल्याची वाट पाहायची. तो येणार, भाता फुंकणार, नवसागराचा धूर करणार आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवणार. दृश्य देखणं खरं, पण ते देखणेपण अंगणात उभं राहून बघणाऱ्याला. भांडी ज्या बाईच्या हातून जायची, तिला स्टील ही सुटका होती. १९१३मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून क्रोमियम घातलेलं पोलाद करून पाहिलं आणि ते गंजेना. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो. घासणीने ओरखडा उठला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. म्हणून आमसुलाचं सार स्टीलमध्ये रात्रभर राहिलं तरी चव बदलत नाही. काही घेत नाही आणि काही देत नाही, असं हे भांडं आहे.

चुलीवर मात्र हाच अलिप्तपणा नडतो, कारण स्टील उष्णताही हातचं राखूनच पुढे देतं. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून अधिक उष्णता वाहून नेतं, तांबं वीसपटीहून अधिक. पातळ स्टीलच्या कढईत फोडणी घाला आणि बघा: बर्नरच्या ज्वाळेचं कडं जिथे टेकतं, नेमकं तेवढ्याच वर्तुळात जिरं काळं होतं, आणि दोन बोटं पलीकडे मोहरी तडतडायची वाट बघत असते. पोहे परतले तर बुडाला तपकिरी गोल उमटतो, पिठलं त्याच गोलावर लागतं. पातेल्यात ही तक्रार फारशी येत नाही, कारण तिथे भात, वरण, आमटी यांतलं पाणी स्वतः फिरून उष्णता वाटून घेतं. परतायच्या कढईत हे काम करायला पाणीच नसतं. ते भांड्यालाच करावं लागतं आणि पातळ पत्र्याला ते झेपत नाही. दुकानात ‘गेज’ विचारायची पद्धत आहे ती बरोबरच आहे. फक्त गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवून विचारावं.

यावर कोणी म्हणेल, लोखंड तरी कुठे मोठं वाहक लागून गेलंय? खरंच नाही. बीड स्टीलच्या तिप्पट म्हणा, फार तर. त्याची गंमत जाडीत आहे. जाड बीड उशिरा तापतं, पण तापलं की भेंडीचा ढीग पडला तरी गार पडत नाही. दुसरी गोष्ट, तेल तापून तापून त्यावर जो काळा, गुळगुळीत थर बसतो, तो. अर्धा कांदा तेलात बुडवून बिडाच्या तव्यावर फिरवला की घावन कडेने आपसूक सुटतो. स्टीलच्या तव्यावर तोच घावन खरवडून काढावा लागतो. स्टीलवरही पदार्थ सुटा निघू शकतो, पण त्याची शिस्त कडक: भांडं कोरडं तापवायचं, पाण्याचा थेंब न फसफसता पाऱ्यासारखा गडगडू लागला की मगच तेल. थेंबाचा हा खेळ लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६मध्येच लिहून ठेवला आहे. सकाळी साडेसहाला डब्याची घाई असताना त्या थेंबाची आठवण कोणाला राहील, ही शंका मात्र मलाही आहे.

ट्रायप्लाय हे या भांडणावरचं सगळ्यात सबळ उत्तर. आत अन्नाला लागणारं स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर इंडक्शनला चालणारं चुंबकीय स्टील. उत्तर खरं आहे आणि महागही आहे. पण त्यात एक मेख आहे. ‘सँडविच बॉटम’च्या भांड्यात ॲल्युमिनियमची चकती फक्त बुडाला असते. पातेल्याला तेवढी पुरते. कढईच्या मात्र कडाही कामाच्या असतात. ज्वाळ वर चढली की चकतीच्या वरच्या पातळ कडेला मसाला चिकटून करपतो. म्हणून कढई घ्यायची तर थर काठापर्यंत गेलेली घ्यावी, पातेल्यावर तेवढा खर्च करू नये. मग तेरा भांड्यांचा एकजात संच कशाला, ते मला कळत नाही. चुंबक खिशात घेऊन दुकानात जाणाऱ्यांनाही सांगायला हवं: ३०४ स्टीलला, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवाल्याला, चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण निकेलऐवजी मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीलचंही तेच. आणि उत्तम ट्रायप्लायच्या बुडाला तो चिकटायलाच हवा.

लोखंडावरचे आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. बिडाची कढई भरली की एका हाताने उचलत नाही; मनगट दुखणाऱ्या माणसाला तिचं कौतुक सांगणं निर्दयपणाचं आहे. त्याच्यासाठी पातळ पोलादी पत्र्याची कढई आहे. चायनीजच्या गाडीवर जी एका हाताने उडवतात, ती त्याच जातीची. फक्त त्या गाडीखालचा जाळ घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे घरी तिच्यात एका वेळी दोघांपुरतंच परतावं. लोखंडात आंबट शिजवू नये, शिजलेलं ठेवू नये. वांग्याची भाजी काळपट होते, ती होणारच. धुऊन लगेच पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. हे काम घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडणार असेल तर त्या घराने ट्रायप्लाय घ्यावी हे बरं. नाही तर कढई लोखंडाची, आणि भाजी झाली की ओतायला शेजारी स्टीलचं पातेलं. रुखवतात तिला सहसा कोणी मांडत नाही, नावही कोरत नाही. कोरलं असतं तरी दोन पावसाळ्यांत ते त्या काळ्या थराखाली गेलं असतं.