सालीची माती

फळ खाणाऱ्याचे लक्ष गराकडे असते. सालीची आठवण होते ती तिच्यावरून कुणी घसरले तरच! आमच्या घरात मात्र सालीला मान आहे, आणि तो दिला आहे आईने. केळे, पपई, कलिंगड, चिकू... कशाचीही साल असो, ती बारीक चिरून मागच्या अंगणातल्या फुटक्या माठात जाते. तिच्यावर मूठभर वाळका पाला, मूठभर माती आणि शेणकाल्याचा शिडकावा. आठवड्यातून एकदा ते सारे काठीने वरखाली करण्याचे काम माझ्याकडे आहे.

शेजारच्या काकूंनी एकदा केळ्याच्या ताज्या साली थेट वांग्याच्या रोपांच्या बुडाशी पुरल्या. चिलटे जमली, रोपे पिवळी पडली. आई म्हणाली, "अहो, तान्ह्या बाळाला कुणी भाकरी भरवतं का?"

या वाक्याचे शास्त्र मला विज्ञान शाखेतल्या मित्राने सांगितले. साल कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि कोवळ्या मुळांना तो कमी पडतो. केळ्याच्या सालीत पालाश भरपूर खरा, पण नत्र थोडाच.

माठात दोन-तीन महिने गेले, की त्याच सालींचे काळे, भुसभुशीत खत होते. त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. ते चाळून एक भाग खत आणि दोन भाग माती असे मिसळायचे. बी आपली शिदोरी बरोबर घेऊनच येते. खताची गरज लागते ती खरी पाने फुटल्यावर, तीही बेताचीच. टोमॅटोची रोपे साधारण २५ ते ३० दिवसांत, मिरचीची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतात.

"चार रोपांसाठी एवढा खटाटोप?" असे मित्र विचारतात. माझी मावशी ज्या गावी दिली आहे, तिथल्या माळावर शहराचा कचरा येऊन पडतो. उन्हाळ्यात तो पेटतो, पावसाळ्यात त्याचे पाणी झिरपते. मावशीच्या विहिरीचे पाणी आता कुणी पीत नाही. २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवायला सांगितले. तरीही त्या माळावर प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधलेल्या साली मी पाहिल्या आहेत. पिशवीत कोंडलेल्या सालीची माती होत नाही, नुसती दुर्गंधी होते.

आपल्या कॉलेजच्या फाटकाशी फळांच्या फोडी विकणाऱ्या गाडीखाली रोज टोपलीभर साली साठतात. वसतिगृहामागे जागा आहे. वाळका पाला तर आपल्याकडे जाळलाच जातो. फुटका माठ मी आणतो. काठी फिरवायला कोण येणार, एवढेच विचारायचे आहे.